मुठीखालचा रंग

"एकोणीसशे पस्तीस," तो म्हणाला.

"चूक," मी म्हणाले.

अशी आमची ओळख झाली. नाव नाही, गाव नाही, 'माफ करा' तर नाहीच नाही. पुलाखालच्या जुन्या बाजारात शनिवारी हत्यारवाले ताडपत्र्यांवर माल मांडतात. तिथल्या एका गंजक्या ढिगातून मी लोखंडी रंधा उचलला होता. इंग्लंडमध्ये ओतलेला, कधीकाळी बोटीत बसून इतक्या लांब आलेला. पाऊस भुरभुरत होता, वरून पाण्याचे थेंब नेमके माझ्या मानेवर पडत होते आणि हा कोण कुठला माणूस माझ्या खांद्यावरून वाकून, मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता. समोरच्या घड्याळजीच्या दुकानात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे मला पक्कं आठवतं, कारण पुढे त्यावरून वाद झाला.

"चूक?" त्याने गळ्यातल्या दोरीला टांगलेलं भिंग काढलं. "हा बघा पेटंटचा नंबर. पस्तीस सालचा आहे."

"नंबर पस्तीसचा असेल. त्याच्या आधीचा हा रंधा नाही, एवढंच त्यावरून कळतं. पुढे किती वर्षं तोच नंबर ओतत बसले, ते नंबर सांगत नाही." मी पर्समधून लोहचुंबक काढलं आणि पातं खाली-वर करायच्या चाकाला टेकवलं. टक्! घट्ट चिकटलं. "हे चाक नेहमी पितळेचं असतं. हे लोखंडाचं आहे. कारण पितळ तेव्हा लढाईवर गेलं होतं. एक्केचाळीस ते पंचेचाळीस, फार तर शेहेचाळीस."

मला वाटलं, आता हा नाक फुगवणार. पुरुषांना 'चूक' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी सुतारकामात पडल्यापासून रोज बघते आहे. पण याने रंधा माझ्या हातून घेतला, मुठीचं लाकूड नखाने खरवडलं, आणि... हसला! अगदी मनापासून.

"आणि मूठही शिसवाची नाही. साधं लाकूड रंगवलंय. शिसवही मिळत नव्हतं तेव्हा. तुम्ही बरोबर आहात हो!" जणू मी त्याला काहीतरी भेट दिली होती. मग म्हणाला, "बायका पर्समध्ये आरसा ठेवतात, असं ऐकलं होतं."

"आरशात स्वतःचं वय दिसतं. मला रंध्यांचं बघायचं असतं."

"मग माझं सांगा की. लावा लोहचुंबक."

"आधी गंज किती चढलाय ते बघावं लागेल."

"चहा पिता पिता बघा," तो म्हणाला. "हरलेल्याकडून."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी मुळातच नाही म्हणणारी बाई आहे, घरी-दारी त्याबद्दलच प्रसिद्ध आहे. पण मानेवर थेंब पडत होते, चहाच्या टपरीला छप्पर होतं, आणि त्याच्या डाव्या पापणीवर लोखंडाची बारीक धूळ होती, ती त्याला सांगायची राहिली होती...

चहा पिता पिता कळलं की जुनी हत्यारं तपासून त्यांचं वय ठरवायचं, कार्डावर लिहायचं आणि खाली सही करायची, हाच त्याचा धंदा. आमच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त गावातल्या जुन्या कारागिरांच्या हत्यारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी तो तीन आठवडे आला होता.

"म्हणजे काकांनी बोलावलेले भिंगवाले ते तुम्हीच?"

"समितीचे अध्यक्ष तुमचे काका?" त्याने कप खाली ठेवला. "मग वस्ताद..."

"माझे बाबा."

त्याने माझ्याकडे ज्या आदराने बघितलं, तो आदर मला पूर्ण घेता येईना. कारण त्यातला अर्धा वाटा दुसऱ्या कुणाचा होता.

ते आता सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. चौऱ्याहत्तर साली यांत्रिक करवतीत बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, मी जन्मायला बराच वेळ होता. तरीही आमच्या वर्कशॉपमधून कामं बाहेर पडतच राहिली, आणि आधीपेक्षा सुबक. ऐंशी साली वाचनालयाची बारा लांब टेबलं झाली आणि गावाने बाबांना नाव दिलं, 'दीड हाताचा वस्ताद'. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हाही लोक तेच म्हणत होते. खरं काय ते आमच्या चार भिंतींना ठाऊक होतं. बाबा पुढच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, डाव्या हाताने नकाशे काढायचे. मागच्या खोलीचं दार लावून रंधा चालवायची ती माझी आई. डावखुरी, अंगाने बारकी, सुताराचीच मुलगी. मी लाकडाच्या कुरळ्या ढलप्यांत रांगत मोठी झाले. बाहेर गेलं की मात्र गप्प बसायचं.

बाबा दुष्ट नव्हते. भित्रे होते. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि आहे, म्हणून तर राग जास्त येतो.

बाबा गेल्यावर मी आईला म्हटलं होतं, आता तरी सांगू. तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, "त्यांच्या नावाला धक्का लागेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही." मी शपथ घेतली. पण रंध्याने थोडीच घेतली होती?

माझा हिशोब साधा होता. आईचा रंधा काका प्रदर्शनासाठी घेऊन गेले होते. मी बाहेर असताना आले आणि 'दादाचा रंधा द्या' म्हणाले. आईने मुकाट्याने काढून दिला. तो रंधा बाबांच्या अपघातानंतर घेतलेला. ज्याला रंध्याचं वय कळतं असा माणूस आला, कार्डावर खरं साल लिहिलं, की ज्याची बोटं चौऱ्याहत्तरला गेली त्याने त्यानंतर नवा रंधा कुणासाठी घेतला, असं कुणीतरी विचारेलच. मला तोंड उघडायची गरजच नव्हती. मला फक्त एक बरोबर आकडा हवा होता.

आणि आकड्यांचा माणूस स्वतःहून माझ्या खांद्यावरून वाकला होता!

पुढचे दोन आठवडे भिंगवाला रोज कामावरून आमच्या वर्कशॉपमध्ये यायचा. येताना एखादा अवघड प्रश्न घेऊन यायचा, तेवढंच निमित्त. रंध्याच्या पुढच्या गोल मुठीची उंची कधी वाढली? पात्यावरचा शिक्का सरळ होता तो कमानदार कधी झाला? मी टेबलाशी खुर्चीचा पाय तासत असायची, तो स्टुलावर बसून वहीत लिहायचा. भिजलेली छत्री दाराशी ठिबकत राहायची.

"तुमचे हात कधी थांबत नाहीत का?" त्याने एकदा विचारलं.

"तुमचे डोळे थांबले तर थांबतील."

तो कानापर्यंत लाल झाला. वहीत काहीतरी खरडलं आणि ते पुन्हा खोडलं. मीही रंधा उलट्या दिशेने ढकलला आणि लाकडाचा टवका उडाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

एकदा म्हणाला, "मलाही शिकवा." मी त्याच्या हातात रंधा दिला. त्याने जो जोर लावला, तो रंध्याला नाही, टेबलाला लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "ढकलू नका. जाऊ द्या. तो जातो आपोआप." पातळ ढलपी निघाली, बोटभर लांब, कागदासारखी. त्याने ती उजेडात धरली, न मोडता वहीत ठेवली आणि पान मिटलं. मग आम्ही दोघं उगाचच खिडकीबाहेरचा पाऊस बघत राहिलो.

आईच्या नजरेतून काय सुटणार? "आज तो भिंगवाला यायचा नाही का?" तिने विचारलं. "नाही म्हटलं, सकाळपासून दोनदा केस विंचरलेस."

"भुसा बसला होता."

"हं. भुसाच."

आणि मग शेवटच्या आठवड्यात मी वाचनालयात गेले. काचेच्या कपाटांत हत्यारं मांडून झाली होती. मधल्या कपाटात, मखमलीवर, आईचा रंधा. मी ओळखलाच नाही! अंगाला काळाकुळकुळीत, चकचकीत रंग फासलेला. शेजारी छापील कार्ड:

'वस्तादांचा रंधा. इंग्लंड, अंदाजे १९५२. उमेदीच्या काळापासून वस्तादांच्या हातात असलेल्या याच रंध्याने, अपघातानंतरही, या वाचनालयाची टेबलं घडली.'

खाली भिंगवाल्याची सही. झोकदार, शेवटी रेघ ओढलेली.

 कार्डच नसतं, तर निदान जागा कोरी राहिली असती. आता छापून, सही करून, आईला कायमचं पुसून टाकलं होतं. आणि ज्याने पुसलं, त्याच्यासाठी मी दोनदा केस विंचरत होते.

तो कोपऱ्यातल्या टेबलाशी कार्डं लावत होता. मी सरळ जाऊन उभी राहिले. "बावन्न कुठून आणलंत?"

"पात्यावरून." तो हसून बघत होता. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "तो शिक्का पन्नास ते छप्पनच्या दरम्यानचाच आहे. त्यात शंका नाही."

"पात्यावरून? पातं झिजतं, बदलतं, एकातून काढून दुसऱ्यात घालता येतं! वय अंगावरून ठरतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"अंगावर काही दिसत नाही. रंग नवा आहे. काकांनी आधीच करून घेतला होता. अक्षरं रंगाने बुजलीत."

"मूठ खोला. मुठीखाली बघा."

"परवानगी नाही." त्याने मान खाली घातली. "अध्यक्षांनी लेखी दिलंय, वस्तादांच्या रंध्याचा एकही स्क्रू काढायचा नाही. पातं हाताने निघतं, तेवढं काढलं. पण तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा ना मला. कधीचा आहे?"

सांगू? जिभेवर आलं होतं. पण आईच्या डोक्याचा तो ऊबदार स्पर्श अजून माझ्या तळहातावर होता.

"मी सांगू शकत नाही."

"मग मी लिहू कसं? मला पुरावा लागतो. नुसतं... नुसतं तुम्ही म्हणता म्हणून..."

"मी म्हणते म्हणून लिहूच नका! बघून लिहा, एवढंच म्हणते. न बघता सही करणारा भिंगवाला! ते भिंग विकून टाका आणि त्या पैशात रबरी शिक्का घ्या!"

वाचनालयात सगळ्या माना वर झाल्या.  मी तरातरा निघाले आणि छत्री तिथेच विसरले. भिजत घरी गेले, पण परत जाऊन आणली नाही. जीव गेला तरी आणणार नव्हते.

चार दिवस तो आला नाही. वर्कशॉपमधलं स्टूल रिकामं होतं. मी ते माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी खाली काढलं. रागावलेल्या माणसाने असं करू नये, पण केलं.

पाचव्या दिवशी उद्घाटन होतं, दुपारी बाराला. मी दहालाच निघाले. पर्समध्ये लोहचुंबक नव्हतं. बाबांचा मोठा, लाकडी मुठीचा पेचकस होता. ठरवून टाकलं होतं. शपथ तोंडाची आहे, हाताची नाही. काचेचं कपाट उघडायचं, मूठ खोलायची, आणि मग पोलीस बोलवा नाहीतर पंचायत.

कपाटाचं दार आधीच उघडं होतं. भिंगवाला रंधा हातात घेऊन उभा होता. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, आणि हातात नवाकोरा, चिमुकला पेचकस.

मी दारातच थांबले. "काय चाललंय?"

तो दचकला. "फिरत नाहीये," तो चोरी पकडल्यासारखा म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली."

"परवानगी मिळाली?"

"नाही."

"मग?"

"चार दिवस झोप नाही. पातं बघितलं आणि सही केली... तुम्ही काय लपवताय ते मला माहीत नाही. पण तुम्ही 'चूक' म्हणालात आणि मी तपासलं नाही, असं पुन्हा व्हायला नको." त्याने ओठ घट्ट मिटले. "आणि छत्री आणलीय तुमची. ती तिथे आहे."

माझा सगळा राग, चार दिवस जपून ठेवलेला, ऐन वेळी मला सोडून गेला! मी पर्समधून पेचकस काढला. "तो लहान आहे. पितळेचं डोकं सोलवटून ठेवाल. हा धरा... नाही, थांबा. तुम्ही रंधा धरा, मी फिरवते."

त्याने रंधा छातीशी धरला. मी जोर लावला. आमची डोकी इतकी जवळ होती की त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. स्क्रू हलेना. मग एकदम, कर्र करून, हलला.

"हे काय चाललंय?"

काका! मागे समितीचे चौघं. काकांनी नवा कोट घातला होता, छातीवर बिल्ला. "हात लावू नका म्हणून लेखी दिलं होतं ना मी?"

मी थांबले नाही. भिंगवाल्यानेही रंधा सोडला नाही. "दिलं होतंत," तो म्हणाला, "आणि मी ऐकलं, ती माझी चूक झाली." आणि माझ्याकडे वळून हळूच, "फिरवा तुम्ही."

त्या दोन शब्दांवर मी भाळले, हे कबूल करते. कुणाला चांदण्यात वगैरे होतं प्रेम. मला पेचकस फिरवताना झालं.

मूठ सुटली. खाली, चकचकीत काळ्याच्या मधोमध, मुठीच्या तळव्याएवढा एक डाग होता. राखाडी. स्वच्छ, कोरा, कारखान्यातून निघाला तसा. भिंगवाल्याने भिंग डोळ्याला लावलं नाही. ते माझ्यापुढे धरलं. "तुम्ही बघा आधी."

राखाडी रंगात कारखान्याच्या नावाची बारीक अक्षरं होती. मी वाचली, मग त्याने वाचली.

"हा कारखाना आधी काळा रंग द्यायचा," तो मोठ्याने म्हणाला. "राखाडी सुरू केला शहात्तर साली. तुमच्या रंगाऱ्याने मूठ न काढताच काळा फासला, म्हणून खालचा वाचला. हा रंधा शहात्तरच्या आधीचा असूच शकत नाही. माझं कार्ड चूक आहे."

समितीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी बोटं मोजून हिशोब केला. "पण वस्तादांचा हात तर चौऱ्याहत्तरला..."

"मग काय झालं?" काका पटकन म्हणाले. "दादाने नवा घेतला! डाव्या हाताने चालवला! उलट दादाची थोरवी जास्तच." आणि माझ्याकडे वळून, "कळतंय ना तुला काय करते आहेस? मेलेल्या बापाचं नाव..."

सगळे माझ्याकडे बघत होते. भिंगवालाही. त्याच्या डोळ्यांत आता प्रश्न नव्हता, त्याला कळलं होतं. पण ते म्हणायचं कुणी? माझ्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

"काळा कुणी फासला?"

दारात आई उभी होती. मी पेचकस घेऊन निघाले हे तिने बघितलं असणार. ओली छत्री तिने तशीच फरशीवर टाकली आणि सरळ आमच्याकडे आली. रंधा भिंगवाल्याच्या हातून घेतला आणि उलटा केला. मी आईला इतकी चिडलेली जन्मात बघितली नव्हती.

"तळालासुद्धा? तळाला रंग लावतं का कुणी? लाकडावर काळे पट्टे उठतील! अहो भावजी, माझ्या रंध्याचं काय केलंत हे?"



"वहिनी," काका चाचरले, "जरा उठून दिसावा म्हणून... आणि 'माझ्या' काय म्हणता, दादाच्या..."

"माझ्या." आईला तो शब्द तोंडातून निघाल्यावर कळला. ती थांबली. पस्तीस-एक वर्षं दाराआड ठेवलेला शब्द, एका रंगाच्या डब्याने बाहेर काढला. तिने माझ्याकडे बघितलं, मग रंध्याकडे, आणि हनुवटी वर केली. ती हनुवटी मी ओळखते, आरशात रोज बघते.

"माझ्या," ती पुन्हा म्हणाली, आता सावकाश. "पातं माझ्या वडिलांच्या रंध्याचं. त्यांचा रंधा टेबलावरून पडला आणि फुटला. ओतीव लोखंड, दोन तुकडे झाले. पण असं पोलाद पुन्हा मिळायचं नाही, म्हणून हे नवं अंग घेतलं आणि त्यात घातलं. मूठ तासून बारीक केली. माझा हात लहान आहे." तिने मूठ डाव्या पंज्यात धरली. लाकूड आणि हात एकमेकांत बसले. काकांच्या पंज्यात ती मूठ लपलीच असती.

मग ती पहिल्या लांब टेबलाशी गेली आणि मधला खण ओढला. तो नेहमीसारखा अडकला. दर पावसाळ्यात तो अडकतो. गावातली प्रत्येक पिढी त्या खणाशी झटापट करून मोठी झाली आहे. "तेव्हाच म्हटलं होतं ह्यांना, की ही कड रंध्याचा अजून एक हात मागते. वेळ नव्हता." तिने माझ्याकडून पेचकस घेऊन मूठ बसवली, पदराने तळ खसखसून पुसला, पात्यावर अंगठ्याचं नख टेकवून धार बघितली. खण हिसडा देऊन बाहेर काढला, उभा धरला आणि डाव्या हाताने रंधा फिरवला. सर्र... सर्र... दोन ढलप्या, लांबच लांब, अखंड. खण आत गेला. एका बोटाने.

म्हाताऱ्या मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. काका छातीवरचा बिल्ला चाचपत राहिले.

"भावजी," आई म्हणाली, "टेबलं आखली ती तुमच्या दादांनीच. एकेक रेघ त्यांची. ती मी नाकारत नाही. रंधा चालवला मी. दोघांची नावं लिहा." तिने ढलप्या उचलून मुठीत घेतल्या. "पण माझं आधी."

भिंगवाल्याने छापील कार्ड उचललं. खिशातून पेन काढलं. १९५२ वर रेघ मारली, पूर्ण मजकुरावर मारली, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आईला विचारून विचारून लिहायला लागला.

"उद्घाटनाला असं हाताने खरडलेलं कार्ड?" काका पुढे आले. "मी हे चालू देणार नाही. तुमचं काम इथे संपलं. पुढच्या प्रदर्शनाचं मी बोलणार होतो तुमच्यासाठी, तेही विसरा."

"विसरलो," तो म्हणाला, आणि सही केली. शेवटची झोकदार रेघ यावेळी ओढली नाही.

काका कार्डाकडे हात नेणार, इतक्यात मास्तर मध्ये आले. "राहू द्या ते," ते म्हणाले. "खण उघडतोय. आता काय बोलणार तुम्ही?"

बाराला उद्घाटन झालं. आईभोवती बायकांचा गराडा पडला. प्रत्येकीला खण उघडून बघायचा होता. मी पायऱ्यांवर आले. पाऊस लागून राहिला होता. भिंगवाला छपराखाली उभा होता, एका हातात त्याची बॅग, दुसऱ्यात माझी छत्री.

"रबरी शिक्का घेतला का?" मी विचारलं.

"पैसे नाहीत. काम गेलं माझं."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे," तो म्हणाला आणि हसला. तेच ते, पहिल्या दिवसाचं हसू. "एका वर्कशॉपमध्ये जागा आहे का, म्हणून विचारायचं होतं. काम फारसं येत नाही. स्क्रू फिरत नाहीत. पण चूक काढली तर राग येत नाही."

"स्टूल आहे रिकामं. मध्ये माळ्यावर टाकलं होतं..."

"का?"

"राग आला होता."

"मग खाली का काढलं?"

मी पायरीवर बसले. पाऊस बघायला लागले. त्याने छत्री उघडली, आणि आमच्या दोघांवर धरली, छपराखाली असूनसुद्धा.

"मी... तुला एक सांगू?" तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं. "सगळ्या जगाच्या वस्तूंची वयं काढतो मी. एका गोष्टीचं साल, महिना, वार, वेळ, सगळं मला भिंगाशिवाय माहीत आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे ना... ते त्या शनिवारपासून आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. तू 'चूक' म्हणालीस तेव्हा."

त्याने वही उघडून दाखवली. ढलपी अजून तिथेच होती, आणि तिच्याखाली पानावर वार, तारीख आणि वेळ. ११.१०.

 मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"चूक," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "चूक?"

"अकरा वाजून पाच. तू पलीकडच्या ताडपत्रीशी उकिडवा बसून एका मोडक्या रंध्यातली धूळ फुंकत होतास. सगळी तुझ्याच तोंडावर उडत होती. पाच मिनिटं मी बघत उभी होते. मग तुझ्या शेजारच्या ढिगातून मुद्दाम तो रंधा उचलला."

"पुरावा?" त्याने विचारलं.

"लोहचुंबक. तू माझ्याकडे वळायच्या आधीच मी ते त्या रंध्याला लावून बघितलं होतं. त्याशिवाय इतक्या ठसक्यात 'चूक' कोण म्हणेल?"

 त्याने छत्री माझ्या हातात दिली, शेजारी बसून वही गुडघ्यावर ठेवली, ११.१० वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ११.०५. खाली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी छत्री खाली ठेवली आणि त्याच्या सहीच्या वर सही केली. माझी आधी.